लाल पेन्सिलीने सोडवलेलं घर

कर्ज घेतलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कर्ज फेडण्यात इतका आनंद मानणारा माणूस नागपुरातच काय, साऱ्या विदर्भात दुसरा झाला नसेल, याची मला खात्री आहे. आमचे घरमालक पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. गृहनिर्माण सोसायटीचं पंधरा वर्षांचं कर्ज काढून, आणि घर तिच्याकडेच गहाण ठेवून, त्यांनी शहराच्या कडेला, संत्र्याच्या बागा सुरू होत तिथे, छोटंसं घर बांधलं होतं. इतर सभासद हप्त्याच्या दिवशी तोंड पाडून सोसायटीच्या कचेरीत जात. हे गृहस्थ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सायकलची घंटी विनाकारण वाजवत जात, आणि हप्त्याची पावती मिळाली की दुसऱ्या खिशातून नोटांची आणखी एक घडी काढून म्हणत, "आता हे मुद्दलात घ्या जी."

"हप्ता तर भरला न तुम्ही?" कारकून विचारी.

"भरला न."

"मंग हे काहून?"

"मले घाई हाये."

जास्तीचे पैसे भरणारा माणूस त्या कारकुनाने नोकरीत प्रथमच पाहिला असावा. तो ती रक्कम पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून लिहून टाकायचा, आणि मग आमचे घरमालक खिडकीच्या जाळीत जवळजवळ डोकं खुपसून समजावायचे, "हप्त्यात नाही गा, मुद्दलात! मुद्दल घटलं तरच व्याज घटते. माह्या घरात सर्वात मेहनती कोण हाये, मालूम हाये? हे व्याज! रविवारची सुट्टीबी घेत नाही." शेवटी दर वेळी लेखी अर्ज देण्याचं ठरलं, आणि माझं अक्षर बरं म्हणून ते अर्ज मी लिहू लागलो. कॉलेजात जे काही शिकलो त्याचा पहिला खरा उपयोग तिथे झाला.

मी त्यांचा भाडेकरू. भिवापूरच्या शाळेतून नागपूरला आलो, घरातला पहिला बी.ए. झालो, कारकुनी मिळाली, पण खोली मिळेना. तीन ठिकाणी माझं आडनाव ऐकेपर्यंत खोली रिकामी होती, आणि ऐकल्यावर ती कालच गेलेली होती. यांनी आडनाव ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "भिंतीत खिळे ठोकायची सवय तर नाही न?" मी नाही म्हटलं. "मंग ये. ती खोली अजून आपली नाही, म्हणून विचारलं." मी घाबरलोच! कोणाची खोली मला देताहेत? तेव्हा त्यांनी हाताला धरून मला आत नेलं आणि एक नकाशा दाखवला.

बैठकीच्या भिंतीवर घराचा नकाशा टांगलेला होता, ट्रेसिंग पेपरवर त्यांच्याच हाताने काढलेला, एकेक दार-खिडकी मापात. मुद्दलात रक्कम भरली की तिच्या हिशेबाने घराचा तेवढा तुकडा ते लाल पेन्सिलीने रंगवत. लाल ते आपलं, कोरं ते सोसायटीचं. आधी स्वयंपाकघर रंगलं, कारण काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तशी अटच घातली होती: "मी परक्याच्या चुलीवर सैपाक नाही करणार." मग मागची खोली, मग बैठक. शेवटी उरणार होते पुढचं दार, व्हरांडा आणि त्याला लागून असलेली माझी खोली. कोऱ्या भागात खिळा ठोकायचा नाही, कॅलेंडर टांगायचं नाही आणि शक्यतो पाहुणाही बसवायचा नाही! काकूंचे भाऊ एकदा मे महिन्याच्या भर दुपारी आले, तेव्हा फक्त स्वयंपाकघर लाल झालेलं. त्या बिचाऱ्यांना पेटत्या चुलीशेजारी पाट मांडून बसवलं. घामाने निथळत ते म्हणाले, "भाऊजी, बाहेर हवेत बसलो तर नाही चालणार का?" "बाहेर तुम्ही सोसायटीचे पाहुणे," हे म्हणाले, "इथं माहे."

रात्री लग्नपत्रिकांची अक्षरं काढून, दुकानांच्या पाट्या रंगवून, पान सोडून, स्कूटरचा विचार सोडून ते पैसे जमवत. महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली त्या दिवशी अर्धी बैठक एकदम लाल झाली. मी, ते आणि काकू, तिघेही खुर्च्या उचलून लाल बाजूला सरकलो आणि चहा प्यालो. असा चहा मी पुन्हा प्यालो नाही!

पण एवढ्या उतावळ्या माणसाने एका ठिकाणी मात्र स्वतःला खुंटीला बांधून ठेवलं होतं. दाराच्या आड लाल खारव्याच्या पिशवीत पोस्टाचं एक पासबुक टांगलेलं असे. सहा महिने पगार आला नाही तरी घर चालेल एवढी रक्कम त्यात. त्याचं नाव बंब. आग लागली तरच बंब बाहेर काढायचा, आणि तोही दोघांच्या सह्या झाल्या तरच. "आधी बंब, मंग रंग," हा घरचा कायदा. आग कशाला म्हणायचं यावर मात्र रोज खटले चालत. सायकल चोरीला गेली तेव्हा त्यांनी निकाल दिला, "हा धूर हाये, आग नाही," आणि चार महिने ऑफिसात पायी गेले. काकूंनी कूलर मागितला.

"हा उन्हाळा हाये वं, आग नाही."

"जरा बाहेर उभे राहून सांगा न मंग!" काकू म्हणाल्या. पण पासबुक हललं नाही.

ही सगळी घाई होती त्यांच्या आईसाठी. मौद्याकडच्या एका खेड्यात म्हातारी एकटीच राहायची, धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, अजून स्वतः पाहायची. तिच्या लहानपणी माहेरचं घर सावकाराकडे गहाण होतं, आणि तो वाटेल तेव्हा येऊन ओसरीत पाय पसरून बसे. मुलाने घर बांधल्याचं कळल्यावर तिने पहिलंच विचारलं, "गहाण हाये का?" आणि हो म्हणताच सांगून टाकलं, "मंग सुटलं की बलाव. गहाण घरात मी पाय ठेवत नाही." तिची पाठ दर वर्षी थोडी वाकत होती. कर्ज संपायला पंधरा वर्षं होती, आणि म्हातारीकडे तेवढी आहेत का, हे कोणी बोलत नसे. स्वयंपाकघर रंगलं तेव्हा हे धावत गावी गेले, "माय, मागच्या दारानं ये, तेवढं आपलं झालं." ती म्हणाली, "पोराच्या घरात चोरावानी मागून काहून येऊ?"

सातव्या वर्षी एका शनिवारी ते ऑफिसातून ओरडतच आले. उरलेलं कर्ज आणि बंबातली रक्कम अगदी बरोबरीला आली होती! "एक सही, आणि घर मोकळं! उद्या मायले घेऊन येतो!" त्यांनी पैसे काढायचा फॉर्म काकूंपुढे धरला, लाल पेन्सिलीला टोक काढून ठेवलं. मीही इतका फुललो होतो की दौत आणायला धावलो.

काकूंनी हात पदराला पुसले आणि विचारलं, "आग कुठं हाये?"

"आग नाही वं, आनंद हाये!"

"मंग कायदा कोणी केला होता?"

काकूंनी सही केली नाही. घरमालक तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत; माझ्यामार्फत मीठ मागत. चौथ्या दिवशी सकाळी मौद्याहून माणूस आला: म्हातारी बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली, कमरेचं हाड मोडलं, ट्रकमध्ये घालून रामदासपेठेत दवाखान्यात आणली आहे. हे मटकन खाली बसले. आणि काकू, कोणी काही म्हणायच्या आत, पिशवी काढून, फॉर्मवर सही करून, तो पुढे करून उभ्या होत्या. "उठा. ही आग हाये."

ऑपरेशन झालं. पैशांसाठी कोणाच्या दारात जावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता खेड्यात एकटं राहायचं नाही. म्हातारीने मान फिरवली, "गहाण घरात नाही म्हणजे नाही." तेव्हा घरमालकांनी घरून नकाशा आणून तिच्या पलंगावर पसरला. तिला अक्षर येत नव्हतं, पण रंग कळत होता. तिने लाल भागावरून बोट फिरवलं.

"हे सारं आपलं?"

"हाव माय."

"मंग दरवाजा कुठं हाये?"

वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाने वाकून स्वतःचाच नकाशा पाहिला. पुढचं दार कोरं होतं. जिच्यासाठी सारं चाललं होतं ती येणार कुठून, हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! म्हातारी आमच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि टाके दुखेपर्यंत हसली. "चाल बाप्पा, सैपाकघरातूनच ने. मोडक्या कमरेले कायचा आला मान!" तिला निजवलेली बाज मागच्या गल्लीतून आणली. दाराशी ती तिरपी करावी लागली. पायाकडची बाजू माझ्या हातात होती.

पण दाराचा हट्ट तिने सोडला नाही. बरी होताच रोज विचारी, "माहा दरवाजा कधी सोडवतं गा?" आणि मुलगा, जो तिच्यासाठी सात वर्षं पायपीट करत होता, शांतपणे सांगे, "आधी बंब, माय." तो पुन्हा भरेपर्यंत लाल पेन्सिल हातात धरली नाही. मला राग यायचा. माझ्या पगारातून थोडे देऊ केले. ते म्हणाले, "बंब नसता तर त्या दिवशी हिले कोणत्या दारानं आणलं असतं गा?"

पावणेदोन वर्षांनी गहाणखत सुटलं. त्या दिवशी म्हातारीने नवं लुगडं नेसलं, काठी घेतली, मागच्या दाराने बाहेर पडली, घराला पूर्ण वळसा घालून पुढे आली आणि दारात थांबून म्हणाली, "मी आली." काकूंनी भाकरतुकडा ओवाळला. व्हरांड्यातून माझ्या खोलीत डोकावून तिने विचारलं, "हे पोरगं परक्याच्या खोलीत राह्यत होतं का इतके दिवस?" मी हो म्हटलं. "मंग आज तुह्यीबी सुटली." त्या संध्याकाळी घरमालकांनी स्वतः माझ्या भिंतीत खिळा ठोकला, आणि मी माझ्या आईवडिलांचा फोटो लावला.

आता माझं स्वतःचं घर आहे. दाराच्या आड लाल पिशवी आहे. म्हातारी गेली, नंतर तेही गेले. नागपूरला गेलो की काकूंना भेटतो. पाय आपोआप मागच्या गल्लीत वळतात, आणि स्वयंपाकघराच्या दारात मला पाहून काकू दर वेळी म्हणतात, "अरे, पुढचं दार उघडं हाये न गा. आता सारं आपलंच हाये."