गाढवाचं प्रत्यार्पण

हसायचं तेवढं हसा, पण ही गोष्ट गारखेड्याच्या बाहेर जाऊ देऊ नका! अंगावर नवाकोरा काळा कोट होता माझ्या. कुणी विचारायच्या आधीच कायदा सांगायचो.

एका सकाळी पुंडलिकनगरचे भास्करकाका आले. तोंड एवढंसं! त्यांचा पुतण्या संतोष आखातात ड्रायव्हर. सुट्टीवर येताना त्यानं फोनवरून तिथल्या मुकादमाला 'गाढव' असा निरोप धाडला. अन् तिकडं फोनवर अपमान म्हणजे गुन्हा! मुकादम केस करणार, असं मित्रानं कळवलेलं.

"वकीलसाहेब, पोराला हितनं उचलून नेतील का वो?"

"असं कसं नेतील? त्याला प्रत्यार्पण म्हणतात, काका. कागद आधी दिल्लीला येतात, मग मॅजिस्ट्रेट तपासतो. अन् मुख्य म्हणजे ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा पाहिजे. आपल्याकडं गाढव म्हणणं गुन्हा आहे का?"

"नाय बा! आमच्या घरात रोजचंच हाय."

"मग? झोपा निवांत!"

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अवो, घरात पोलीस आलाय!"

पळालोच मी. बैठकीत एक हवालदार शांतपणे चहा पीत होता. मी उभ्यानंच सुरू झालो.

"संतोषला हात लावता येणार नाही! दोन्ही देशांत गुन्हा पाहिजे! आता बघा, मी तुम्हाला म्हणतो, गाढव! झाला गुन्हा? परत म्हणतो, गाढव!"

काकांनी डोळे मिटून घेतले. हवालदारानं कप खाली ठेवला.

"मी काकूंच्या पासपोर्टच्या चौकशीला आलतो. ह्यो संतोष कोण? अन् वर्दीतल्या माणसाला चारचौघांत, ते बी दोनदा? आपल्याकडं ह्याला काय म्हणत्यात, तुम्हीच सांगा की!"

भांडण पेटावं म्हणून मुद्दाम केलेला अपमान आपल्याकडंही गुन्हाच की! परीक्षेत पानभर लिहिलं होतं हो मी त्यावर. आठवलं मात्र नेमकं तेव्हा!

इकडं संतोषनं काय करावं? सरळ मुकादमाला फोन लावला अन् माफी मागितली. मुकादम हसला म्हणे, "केस कसली? गाडी उभी आहे, लवकर ये." आठवड्यात पोरगं विमानात बसलंसुद्धा.

आणि मी? मी चौकीतल्या बाकावर माफीनामा लिहीत होतो. ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असतं, हे मी पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. आरोपी तेवढा मी होतो!