बुवाची हजामत

आमचा कुत्रा हरवला तेव्हा तो माझ्या पायाशी बसून बिस्किट खात होता. हे वाक्य मी तपासून लिहिलं आहे. त्यात चूक नाही.

कुत्रा शित्झू जातीचा. मुलीने मुंबईत हौसेने घेतला. मग तिची बदली परदेशी झाली आणि कुत्र्याची रत्नागिरीला. उंची एक वीत, लांबी दीड वीत आणि बाकी सगळे केस! नाक इतकं चपटं, की पुढून आणि मागून सारखाच दिसायचा. (चालायला लागला की पुढची बाजू कुठली ते कळायचं.) स्वभाव असा, की अनोळखी माणूस फाटकातून आला तर भुंकायचं सोडून त्याला घर दाखवायला आत घेऊन येणार. त्याच्या दाढीमिशा बघून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचं नाव ठेवलं बुवा.

आई गेल्यापासून आप्पांचं विसरणं वाढत चाललं होतं. जेवलो की नाही, आज वार कुठला, सांगता यायचं नाही. एक गोष्ट मात्र विसरत नसत. सकाळचा चहा झाला की पडवीत बसायचं, बुवाला मांडीवर घ्यायचं आणि आईच्या फणीने त्याला विंचरायचं. डोळ्यांवरची झुलपं गोळा करून शेंडी बांधायची, ओल्या फडक्याने डोळ्यांच्या कडा पुसायच्या. या जातीचे केस फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात. रोज विंचरलं नाही तर अंगावर गोधडी तयार होते. म्हणजे आप्पांना कायमची नोकरी लागली होती! तेवढा वेळ ते पूर्वीचे आप्पा असत.

श्रावणात बुवाचे केस वाळेनात. तांबड्या मातीत लोळून पांढरा कुत्रा चिऱ्याच्या रंगाचा झाला, अंगाला खाज सुटली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "केस थोडे कमी करा."

थोडे म्हणजे किती? असल्या मोघम बोलण्याचा मला राग येतो. मी फूटपट्टी आणि कात्री घेऊन बसलो. डावी बाजू कापली, मोजली. उजवी कापली तर ती जरा आखूड झाली. म्हणून डावी तिच्या मापाला आणली, तर उजवी लांब दिसायला लागली! दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या तेव्हा समोर गुलाबी कातडीचा, भिजल्या मांजराएवढा एक प्राणी थरथरत उभा होता.

"अहो, हे काय केलंत?" आमच्या सौ. सुमन ओरडल्या.

"दोन्ही बाजू समान आहेत. हवं तर मोज."

"मोजू काय? बाजूच उरल्या नाहीत!"

तेवढ्यात आप्पा फणी घेऊन आले. "बुवा कुठाय रे?"

"हा काय, आप्पा." मी पायाशी बसून बिस्किट खाणाऱ्या बुवाकडे बोट दाखवलं.

आप्पांनी वाकून बघितलं. "हे कोणाचं पिल्लू? उपाशी दिसतंय. सुमन, चपाती घाल गो त्याला." आणि छत्री उचलून फाटकाबाहेर गेले!

"बुवाऽऽ!" आप्पांची हाक. मागून बुवाचं भुंकणं.

"गप रे, तुला नाही!" आप्पा त्याला दटावून पुढे. त्यांच्यामागे बुवा, बुवामागे मी.

दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या जैतूनभाभींनी विचारलं, "काय झालं आप्पा?"

"आमचा बुवा गेलाय कुठेतरी."

मी मागून हातवारे करून पायाशी असलेला बुवा दाखवला. भाभींनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! लगेच दुसरा आणलात? पहिल्याचा तपास तरी करा!"

सगळी आळी पालथी घातली. शोधण्यात सगळ्यात पुढे बुवाच होता. घरी आल्यावर आप्पा फणी हातात धरून पडवीत बसले. "तोही गेला वाटतं," ते म्हणाले. "सांगून तरी जायचं."



काही दिवस ते रोज हाका मारत राहिले. बुवा मांडीवर चढला की त्याला थोपटून म्हणायचे, "तू नाहीस रे." मग पडवीत येणंच बंद झालं. इकडे मी बुवाला अंड्याचा बलक चारत होतो, खोबरेल चोळत होतो, दर रविवारी पट्टी लावून बघत होतो. केसांना घाई कळत नाही. आप्पा मात्र भराभर विसरत चालले होते. कोण आधी पोचतंय, हीच काळजी होती.

मार्गशीर्षात एकदाची झुलपं डोळ्यांवर आली. मी आप्पांना हाताला धरून पडवीत बसवलं आणि बुवाला मांडीवर दिलं.

"बुवा! अरे, होतास कुठे इतके दिवस?" आप्पांचा हात आपोआप फणीकडे गेला. सुमनने पदर डोळ्यांना लावला.

शेंडी बांधून झाल्यावर आप्पांनी वर बघितलं. माझ्याकडे निरखून पाहिलं, मग शेजारची खुर्ची सरकवली.

"या, बसा ना. तुम्ही आणून दिलंत का आमच्या बुवाला? फार उपकार झाले हो. कुठचे तुम्ही?"

"इथलाच," मी म्हणालो आणि बसलो.

केस वाढले तसे आप्पांनी बुवाला ओळखलं. तोच उपाय स्वतःवर करायला माझी काही हरकत नव्हती. पण माझ्या डोक्यावर खोबरेल चोळलं तर फक्त चकाकी वाढते!