स्वयंपाकिणीचा उजवा हात

भोसल्यांच्या काळातल्या रायपूरवर मी रहस्यकथा लिहितो. सुभ्याच्या कचेरीतला एक कारकून त्यातले गुन्हे उकलतो. माझी खरी नोकरी नवा रायपूरला, फायलींची. लिहिणं फक्त रविवारी. नागपूरचे एक छोटे प्रकाशक दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एक पुस्तक काढतात, आणि अशी बारा पुस्तकं निघाली होती. वाचक फार नाहीत, पण आहेत ते पक्के. कारकुनाला कोणत्या पुस्तकात पडसं झालं होतं तेही त्यांना पाठ असतं.

तेरावं पुस्तक मी आळसात लिहिलं. एका कथेपुरतं सुचलं होतं, ते ओढूनताणून ऐंशी पानांपर्यंत नेलं. सुभेदाराकडे एक खून होतो आणि शेवटी खुनी निघते घरची म्हातारी स्वयंपाकीण, जी पहिल्या पुस्तकापासून सगळ्यांना जेवायला वाढत आलेली आहे. तिच्यावर कुणाला संशय येणार नाही, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

माझ्या वाचकांचं इंटरनेटवर एक पान आहे. पुस्तक आलं तसे अभिप्राय यायला लागले. 'चहा थंड व्हायच्या आत संपलं.' 'कारकून या वेळी नुसता बसूनच होता.' 'एवढंसंच? वर्षभर वाट पाहिली हो.' बाहेर मी म्हणत असे की, वाचकांना जे वाटतं ते त्यांनी म्हणावं. आत मात्र एकेक ओळ दहादा वाचत होतो.

अशात एका दुपारी, ऑफिसात डबा उघडून बसलो असताना, आणखी एक अभिप्राय दिसला. लिहिणारीचं नाव नव्हतं, खात्यावर नुसतं 'एक आजी' असं होतं. तिनं लिहिलं होतं, 'पुस्तक आवडलं. पण एक शंका आहे. चौथ्या पुस्तकात स्वयंपाकिणीचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला होता. ती डाव्या हातानं पोळ्या लाटायला शिकते, तो प्रसंग मी विसरले नाही. मग इथे ती दोन्ही हातांनी दोर कसा आवळते? माझंच काही वाचायचं राहिलं असेल तर सांगावं.'

मी घास खाली ठेवला. तिचं खरं होतं. ते सगळं मीच लिहिलं होतं आणि मीच साफ विसरलो होतो.

त्या पानावर माझं दुसऱ्या नावाचं एक खातं होतं. ते मी कशासाठी काढलं होतं हे सांगायलाही लाज वाटते. स्वतःच्या पुस्तकांना चांगलं म्हणायला काढलं होतं. त्या खात्यावरून मी उत्तर लिहिलं, 'मी चौथं पुस्तक परवाच पुन्हा वाचलं. त्यात असं काहीही नाही. वय झालं की दोन पुस्तकांची सरमिसळ होते, आजी. आता डोळ्यांना आणि डोक्याला जरा आराम द्या.'

चौथं पुस्तक केव्हाचं संपलं होतं, बाजारात मिळत नव्हतं, आणि पानावरचे बहुतेक वाचक त्यानंतरचे होते. कुणी पडताळून पाहील ही भीती नव्हती. माझ्या उत्तराखाली हसरे चेहरे जमले. ऑफिस सुटायच्या वेळी पाहिलं तर आजींनी आपली शंका काढून टाकली होती, आणि त्या जागी लिहिलं होतं, 'माफ करा. माझी चूक झाली असेल.'

मला हायसं वाटलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी घरापर्यंत छान झोप काढली.

दोन-तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, मी तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी वाचनालयात गेलो. एका दुकानाच्या वरची खोली, चार कपाटं, एक टेबल. तिथे काकू बसल्या होत्या. काकू मूळच्या अकोल्याच्या, लग्न होऊन रायपूरला आल्या, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्या. माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा या गावात ते वाचणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे काकू. जुन्या रायपुरातली तळी, बाजार, जेवणखाण यांबद्दल सासूकडून ऐकलेलं त्यांनी मला कितीतरी सांगितलं आहे.

काकू एका कापडी पिशवीतून माझी पुस्तकं काढून टेबलावर ठेवत होत्या.

"हे काय, काकू?"

"वाचनालयाले देऊन टाकून राहिली, भाऊ."

"काहून? आवडेनाशी झाली का?"

"आवडतात न. पण माझंच डोकं चालून नाही राहिलं आता."

मग त्यांनी सांगितलं. सुनेनं त्यांना फोनवर खातं काढून दिलं होतं. त्यांनी काही लिहिलं, कुणीतरी त्यांची चूक दाखवली. ती 'एक आजी' म्हणजे काकूच होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"माझ्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "आधी गोष्टींची सरमिसळ, मग माणसांची. शेवटी मले ओळखत नव्हती. सूनबाईनं मंगळवारची डॉक्टरची वेळ घेतली आहे." त्यांनी पिशवीची घडी केली. "चौथं पुस्तक माझं कोणी तरी नेलं, परत आलंच नाही. नाही तर पाहिलं असतं. पण तुम्ही तर लिहिलं. तुम्हीच सांगा. तिचा हात गेला होता का नाही?"

एका शब्दाचं उत्तर होतं. पण तो शब्द उच्चारला असता तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग ते लिहिणारा कोण. मी म्हणालो, "पाहून सांगतो, काकू. बरीच वर्षं झाली."

"हव," त्या म्हणाल्या. "पाहा." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

चौथं पुस्तक माझ्या कपाटात होतं. घरी आलो तसं उघडलं. पान सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तरी रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवारही मी जाऊ दिला. मंगळवारी दुपारी मीटिंगमध्ये बसून घड्याळ पाहत होतो, की आता त्या दवाखान्यात असतील. फोन करणं सहज शक्य होतं, पण मी केला नाही.

गुरुवारी रजा टाकून गेलो. पुरानी बस्तीत, देवळाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. सुनेनं दार उघडलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीतच. "मम्मीजी, आपके लेखक भैया आए हैं," तिनं आत आवाज दिला.

काकू पलंगावर बसल्या होत्या. चेहरा उतरला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टरनं घड्याळ काढाले लावलं, भाऊ. कागदावर. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणे. भीतीनं हातच कापत होता माझा. काटे चुकले. सहा महिन्यांनी परत बोलावलं."

मी पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. स्वयंपाकीण पोळपाटापुढे बसते, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, डाव्या हातानं लाटताना पहिली पोळी फाटते. तिथपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"होतं!" त्या ओरडल्याच. "होतं न! सूनबाई, पाहा, मी म्हणत होती न तुले!"

इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते पान सुनेला दाखवलं, पुन्हा स्वतः पाहिलं, त्यावरून हात फिरवला. मग त्यांना आठवलं.

"पण मग तो माणूस खोटं काहून बोलला? परवाच वाचलं म्हणे."

"इंटरनेट पे ऐसे ही लोग होते हैं, मम्मीजी," सून म्हणाली. "छोड़िए."

तिनं मला वाट मोकळी करून दिली होती. मी मान हलवली असती, चहा पिऊन निघालो असतो, आणि पुस्तक आणून दिल्याबद्दल काकूंनी मला आशीर्वादही दिला असता. खरं सांगायचं तर दोन क्षण मी तो विचार केला.

"तो मीच होतो, काकू," मी म्हणालो. "दुसऱ्या नावानं लिहिलं होतं. चूक माझी होती, ती झाकायला."

काकूंनी चष्मा काढला. बोलली ती सून. "आपको पता है, इन्होंने दस दिन ठीक से खाना नहीं खाया? गैस बंद की कि नहीं, चार-चार बार उठकर देखती थीं."

"राहू दे," काकू तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चुकलं, एवढंच म्हणायचं होतं न, भाऊ. मी काय रागावली असती? एवढ्या पुस्तकांत एखादा हात चुकणारच." पुस्तक मिटत म्हणाल्या, "शनिवारी मी विचारलं, तेव्हा तरी सांगायचं."

त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. तिनं तो माझ्यापुढे आणून ठेवला आणि ती आत निघून गेली. मी तो संपवला. एवढा कडवट चहा मी कुणाच्या घरी प्यालो नाही, आणि साखर तर त्यात बरोबर होती.

त्याच संध्याकाळी मी स्वतःच्या नावानं त्या पानावर सगळं लिहिलं. चूक कोणती, दुसऱ्या नावाचं खातं कुणाचं, आजींना काय म्हणालो आणि त्या कशा बरोबर होत्या. मला वाटलं होतं, लोक तुटून पडतील, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण खाली येत गेलं ते असं: 'किती मोठं मन!' 'असा प्रामाणिक लेखक विरळा.' 'हॅट्स ऑफ सर.' एकानं तर लिहिलं, यामुळे पुढच्या पुस्तकाची उत्सुकता वाढली. आजींना कसं वाटलं असेल, हे कुणीही विचारलं नाही. आधी हसलेल्यांपैकीही कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "वाचलं," त्या म्हणाल्या. "सारे तुमचं कौतुक करून राहिले."

आवाजात टोमणा नव्हता, जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

काकू अजून शनिवारी वाचनालयात येतात. माझी पुस्तकं तिथल्या कपाटातच आहेत, त्यांनी ती परत नेली नाहीत. चौथं मात्र मी ठेवून आलो होतो, ते त्यांच्याकडे आहे. मला पाहिलं की विचारतात, मुलं कशी आहेत, नवा रायपूरची बस वेळेवर येते का. मी उत्तर देतो. मग त्या दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक काढून खिडकीजवळ वाचत बसतात, आणि ते कसं आहे हे त्यांना विचारायची माझी छाती होत नाही.