कालचा दिवस दुरुस्त करणारे सर

लोकहो, डोकं फिरलंय माझं, म्हणून इथे लिहितेय.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. सुपरवायझर व्हायचं तर इंग्लिश पाहिजे, म्हणून कोपरीत क्लास लावला. आज साधा भूतकाळ होता. सर म्हणाले, काल काय काय केलंत ते इंग्लिशमध्ये सांगा.

मी उभी राहिले. खोके पॅक केले, घरी आले, मांदेली मासळी साफ केली, सासूबाईंचे पाय चेपले. चारही वाक्यं बरोबर!

सरांनी नाक मुरडलं. "मॅडम, जरा बरं काहीतरी सांगा ना. मॉलला गेले, पिक्चर पाहिला. इंटरव्ह्यूमध्ये मांदेली सांगणार का?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

माझ्यानंतर उभा राहिलेला प्रत्येक जण काल मॉलला गेलेला! माझी मैत्रीणसुद्धा. ती तर काल दिवसभर माझ्याच टेबलावर खोके चिकटवत होती.

निघताना सरांना तोंडावर सांगितलं, "चुकलेलं वाक्य दुरुस्त करा. माझा कालचा दिवस मी तुमच्याकडे दुरुस्तीला दिलेला नाही."

मैत्रीण मात्र म्हणते, "कशाला एवढं मनावर घेतेस?"

तुम्ही काय म्हणता? की तुम्हीपण काल मॉललाच गेलेलात?