हळदकुंकू लावलेली थापी

तीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. त्या इंग्रजीचा गावाला खरा उपयोग व्हायची वेळ एकदाच आली, आणि तेव्हा मी माती खाल्ली. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही, कारण त्या दिवशी दोन्हीकडचं समजणारा माणूस गावात मी एकटाच होतो.

कृष्णेचं पाणी अंगणवाडीत शिरलं, त्यात मागची भिंत गेली. खांब आणि पत्रे तेवढे उभे राहिले. पुढच्या वर्षी पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या ओळखीतनं परदेशातली बारा-पंधरा पोरं-पोरी ती भिंत बांधायला येणार असं ठरलं. सोळा-सतरा वर्षांची पोरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत समाजसेवा करायची म्हणून निघालेली. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ, हे ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरं गाडीतनं उतरली ती घोटाभर चिखलात.

गावचा गवंडी म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. ताडपत्रीखाली उभा राहून तो मला म्हणाला, "मास्तर, ह्यांचा ह्यो उन्हाळा हाय म्हणं. मग पावसाळ्यात ही मान्सं करत्यात तरी काय रं?"

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. नाकावर ठिपके, केस करकचून बांधलेले. तिनं पिशवीतनं टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली. थापी होती. गवंडी विटेवर माल पसरतो ती, फक्त आपल्यापेक्षा जरा टोकदार. लाकडी मूठ एका बाजूनं झिजलेली, अंगठा टेकतो तिथं खोलगट झालेली.

ती म्हणाली, माझे वडील गवंडी होते. गेल्या हिवाळ्यात वारले. मला विटा लावायला शिकवत होते. पुढच्या उन्हाळ्यात तुला कामावर सोबत नेतो म्हणाले होते. "हाच तो उन्हाळा," ती म्हणाली. "मला ह्या थापीनं एक थर लावायचाय. एकच. त्यासाठी आलेय."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मी तिला शब्द दिला, शेवटचा थर तुझा.

आता आमच्या गावाची तऱ्हा सांगितली पाहिजे. आमच्याकडं पाहुण्यानं ताट उचललं तरी घरातल्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिथं साता समुद्रापलीकडनं आलेल्या लेकरांच्या डोक्यावर घमेलं कोण देणार? पोरं सकाळी हातमोजे घालून तयार होऊन यायची, तोवर दादा आणि त्याचे दोन गडी दिवसाचं काम उरकून बसलेले असायचे. मग पोरांना खुर्च्या. पोहे, शिरा, पुन्हा चहा. एके दिवशी बैलगाडीतनं उसाच्या रानात फेरी, एके दिवशी शिराळ्याला. पोरांनी फारच गळ घातली की दादा त्यांना एकेक वीट हातात द्यायचा, फोटो काढू द्यायचा, आणि त्यांची पाठ वळली की ती वीट काढून पुन्हा सरळ लावायचा.

ती मुलगी रोज सकाळी विचारायची, "आज?" मी म्हणायचो, उद्या. मला दादाला सांगायला काय धाड भरली होती? पण शेवटच्या दिवशी उद्घाटनाला तालुक्यातनं मोठे पाहुणे यायचे होते आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. वरचा थर वाकडा झाला तर लोक हसतील, ही भीती मनात होती. दादाच्या कामाला नावं ठेवतील असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मला माझीच काळजी होती.

शेवटचा दिवस उजाडला. मांडव उभा राहिला, पोरांच्या डोक्याला फेटे बांधून झाले. भिंतीचा एक थर अजून बाकी होता, माल कालवून ठेवला होता. मुलगी फेटा बांधलेलीच थापी घेऊन भिंतीपाशी येऊन उभी राहिली. माझ्याकडं बघत होती. आता टाळता येईना. मी दादाला म्हणालो, "दादा, हिचा बाप गवंडी होता. वारला. ही त्याची थापी."

एवढंच बोललो. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण दादानं पायातल्या चपला काढल्या होत्या. त्यानं हात धोतराला पुसले, दोन्ही हातांनी ती थापी घेतली आणि कपाळाला लावली. मग वहिनीला हाक मारली. वहिनीनं मांडवातला पाट आणला, थापीला हळदकुंकू वाहिलं, पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांतला एक हार घातला. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो, अगदी तशी. नारळ फुटला. बायाबापड्या पुढं होऊन पाया पडायला लागल्या. दादाचे डोळे ओले झाले होते. हा माणूस त्याच्या आईच्या दहाव्यालाही रडला नव्हता.

आणि मग त्यानं स्वतःची थापी उचलली आणि शेवटचा थर लावायला घेतला. पाहुण्यांची गाडी वेशीपाशी आल्याचा फोन आला होता. सराईत हात तो, विटेमागून वीट बसत गेली.

मुलीनं माझी बाही ओढली. "आता मी लावू? ती थापी मला परत द्या ना. तो थर माझा आहे ना?" ती अगदी हळू बोलत होती, आणि डोळ्यांतनं पाणी चाललं होतं.

दादा हात थांबवून वळला. "काय म्हंती रं पोरगी?"

अजून पाच-सहा विटा बाकी होत्या. मी म्हणालो, "म्हणती, लय बरं वाटलं."

दादानं मान हलवली आणि राहिलेल्या विटा लावून टाकल्या. मुलीला मी इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडं अशीच पद्धत आहे, हा फार मोठा मान आहे. ती पाटावरच्या थापीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "थँक्यू." जाताना तिनं थापी टॉवेलात गुंडाळली. हळदकुंकू पुसलं नाही. मालाचा एक ठिपकाही थापीला लागला नव्हता. गाडी गेली, मी भाषण चांगलं झाल्याच्या शाबासक्या घेत घरी आलो.

दादा ही गोष्ट पुढं सगळ्यांना सांगायचा. कडेगावच्या सोयऱ्यांना, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. "आवं, परदेशातली पोर ती, बापाच्या थापीला आमी मान दिला तर ढसाढसा रडली. लय बरं वाटलं म्हणाली. इचारा आमच्या मास्तरला." मी मान डोलवायचो. दर वेळी डोलवायचोच.

गेल्या खंडेनवमीला दादाकडं गेलो होतो. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरतो, काम सुटलंय. वहिनीनं त्याची थापी, ओळंबा पुजून पाटावर मांडले होते. दादा त्याकडं बघत बसला होता, चिडलेला. मला म्हणाला, "बघ की ती कशी गंजलीया. हार घालून काय करायचा, मास्तर? थापी मालात पायजे. हिला पाटावर बसवली तवाच मी मेलो म्हण."

मला तिथं बसवेना. एवढी वर्षं गिळलेलं सगळं मी सांगून टाकलं. पोरगी कशासाठी आली होती, बाप काय म्हणाला होता, मी काय शब्द दिला होता, आणि बाही ओढून ती नेमकं काय विचारत होती.

वहिनी चहा ठेवून गेली तरी दादानं कप उचलला नाही.

"मी तुला इचारलं हुतं," तो म्हणाला. "हात थांबवून इचारलं हुतं."

"हो."

"माल वला हुता की रं. लावलेल्या इटा बी काढून दिल्या असत्या. वाकडा का हुईना, तिचा थर झाला असता. गाडीवाली मान्सं थांबली असती घटकाभर." त्याचा हात थरथरत होता, तो त्यानं दुसऱ्या हातात धरला. "आन् मी मातूर गावभर सांगत हिंडलो. लय बरं वाटलं म्हणाली म्हणून."

मी चुकलो म्हणालो. त्याला ते ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. तो उठला, पाटावरच्या त्याच्या थापीवरचा हार काढला, आणि धोतराच्या सोग्यानं तिच्यावरचं हळदकुंकू पुसायला लागला. थरथरत्या हातानं ते नीट निघत नव्हतं. मी घ्यायला हात पुढं केला तर त्यानं थापी मागं घेतली.

"तिला लिव," तो म्हणाला. "म्हणावं, त्या म्हाताऱ्याला ठावं नव्हतं."

मुलीचा पत्ता माझ्याकडं आहे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या वहीत लिहून दिला होता. दादानं लिहायला सांगितल्याला आता वर्ष होत आलं. इंग्रजीचा मास्तर मी, आणि माझ्याच्यानं अजून पहिली ओळ लिहून झालेली नाही. दादा भेटला की एवढंच विचारतो, "लिवलंस?"