दंडावरचे दोन वण

त्या आठवड्यात आमच्या घरात फोडणी बंद होती. गोवर आला होता शेजारच्या मुलाला, पण गंगापूर रोडच्या त्या चाळीत मधली भिंत दोघांची एकच, म्हणून सासूबाईंनी आमच्याही दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला. माझी मुलगी नुकतीच नऊ महिन्यांची झाली होती. दवाखान्यातल्या नर्सबाई बजावून गेल्या होत्या, गोवराची नवी लस आलीय, साथ दारात आहे, आजच घेऊन या.

मी निघाले, तर सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. "माय शेजारी येऊन बसलीय अन् तू सुई टोचती? कोपली म्हंजे? अन् टोचणारी माणसं तर कवाच बंद झाली."

"देवीचा रोग गेला म्हणून ती बंद झाली! आता गोवर पोरं नेतोय, तर त्याची लस नको?" मी आधीच फटकळ, त्यात पोरीचा जीव. "आणि तुमच्या मुलाच्या दंडावर ते दोन वण कुठून आले हो?"

सासूबाईंचा सगळा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "माझी सासू नगंच म्हणत व्हती. पाण्याला जाते सांगून टोचायला नेलं त्याला. माझ्या तोंडावर उठलं तेवढं लय झालं." मग उठल्या, पोरीला कडेवर घेतलं आणि माझ्यापुढे दवाखान्याकडे चालू लागल्या.

लस टोचल्यावर रोज सासूबाई पोरीचा दंड निरखायच्या. काहीच उठेना. "वण नाय, मंग माय वळखंल कशी हिला?" असं म्हणून तिथे काजळाचे दोन ठिपके लावायच्या.

"अहो आई, देवी काय हजेरी घेते का?" मी चिडवायचे. त्याही हसायच्या, पण ठिपके चुकवायच्या नाहीत.

पुढे शेजारच्या मुलाची छाती भरली. मोठ्या दवाखान्यात नेलं, पण तो गेला. आमच्याच घरात रांगायचा तो. त्याच्या आईचं रडणं भिंतीतून ऐकू येत होतं. आपली वाचली, असं माझ्या मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटून मला रडू फुटलं.

सासूबाई दिवसभर तिकडेच होत्या. संध्याकाळी मी पोरीला अंघोळ घातली, तिचा दंड स्वच्छ झाला. मी फळीवरची काजळाची डबी काढली आणि दोन ठिपके लावले.