पातळ तळाचे बूट

पुरुषोत्तम जगदाळेला जाड बुटांचा मनापासून राग होता, आणि पुरुषोत्तमचा राग म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हे. साउथहॅम्प्टनच्या बंदरात कंटेनर उचलणारं उंच यंत्र चालवायचं, त्यासाठी आठवडाभर लोखंडी टोपणाचे बूट घालायचे, हे पोटासाठी ठीक. पण सुटीच्या दिवशी जंगलात जाताना जो माणूस टायरसारखे बूट चढवतो, तो त्याच्या लेखी ठार अडाणी. त्याचे स्वतःचे बूट अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून बनवलेले. पुढे बोटं पसरायला ऐसपैस जागा, टाचेला उंची नाही, आणि तळ भाकरीहून पातळ. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक आरतीसाठी आत जायला बघायचे, आणि हा बाबा त्यांना दारातल्या चपलांच्या ढिगाशी गाठून बूट पिळून दाखवायचा.

"डहाळी मोडायच्या आधी पायाला कळली पाहिजे," तो म्हणायचा. "जाड बुटातून काय डोंबल कळणार?"

आता हे खोटं होतं असं नाही. रॉम्सी गावाच्या पुढे टॉमलिन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं जंगल होतं. तिथली हरणं नवी लावलेली रोपं खाऊन फस्त करायची, म्हणून त्यानं पुरुषोत्तमला शिकारीची परवानगी दिली होती. रायफल, लायसन्स, हंगामाचे नियम, सगळं रीतसर. पुरुषोत्तम पावलाची बाहेरची कड आधी टेकवायचा, खाली काय आहे ते चाचपायचा, मगच अंगाचा भार टाकायचा. असा चालत तो चरणाऱ्या हरणाच्या इतका जवळ जायचा की बंदरातल्या सोबत्यांना त्या थापा वाटायच्या. मंडळातली निम्मी माणसं रविवारी मटण ओरपायची आणि शिकारीचं नाव काढलं की नाक मुरडायची. त्यांना तो तोंडावर ढोंगी म्हणायचा. त्यामुळे त्याला जेवायला फारसं कुणी बोलवत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

वाटायचं ते फक्त त्या जंगलाचं. बंदरात सुपरवायझर डोकं खायचा, घरी सुचेता. जंगलात कुणी काही बोलत नाही. गेली कित्येक वर्षं हा माणूस बाकीचा आठवडा फक्त त्या एका सकाळीसाठी ढकलत आला होता, असं म्हटलं तरी चालेल.

सुचेता त्याची बायको. लीड्सला जन्मलेली, नवऱ्याला तू म्हणणारी, आणि बोलायला त्याच्याइतकीच तिखट. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात ती नर्स होती आणि डायबेटिसच्या पेशंटांचे पाय तपासणं हे तिचं रोजचं काम. पुरुषोत्तमलाही डायबेटिस होता, चांगला जुना. गोळ्या आठवल्या तर घ्यायचा. पाय दाखव म्हटलं की डाफरायचा. "अख्ख्या गावाचे पाय बघ," तो म्हणायचा, "माझे राहू देत. माझे पाय या देशातले सगळ्यात हुशार पाय आहेत."

मग आला संजय. संजय सुचेताचा धाकटा भाऊ. घटस्फोट झाला, लीड्सची नोकरी सोडली, इकडे हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात लागला आणि यांच्या शेजारच्या गल्लीत राहायला आला. त्याला जरा मोकळ्या हवेत घेऊन जा म्हणून सुचेतानं टुमणंच लावलं. पुरुषोत्तमनं तोंड वाकडं करून एकदाचं हो म्हटलं. पहिल्याच सकाळी संजय घोट्याच्या वरपर्यंत येणारे, चिखल-पाणी काही आत न शिरणारे जाडजूड बूट घालून हजर.

"हे काय, चंद्रावर निघालास?" पुरुषोत्तम म्हणाला.

"दाजी, ते वॉटरप्रूफ आहे," संजय म्हणाला. त्याचं मराठी लीड्सचं होतं, पण आई कराडची, आणि तिनं एक गोष्ट मुलांच्या हाडीमाशी रुजवली होती. बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचं आणि दाजींना उलट बोलायचं नाही. इंग्लंडच्या राणीला बोललात तरी चालेल, दाजींना नाही.

नोव्हेंबरात त्या दोघांना एक हरणी दिसली. वारा तोंडावर, उजेड नुकता पसरलेला, सगळं जुळून आलेलं. पुरुषोत्तम पुढे, संजय मागे. आणि काडकन डहाळी मोडली. हरणीनं मान वर केली आणि ती झुडपांत दिसेनाशी झाली.

पुरुषोत्तमनं वळून संजयच्या बुटांकडे असं बघितलं, की ते बूट जळून कसे गेले नाहीत हेच नवल. संजय काहीतरी बोलणार होता. मग त्याचं लक्ष दाजींच्या पायाखाली गेलं आणि तो म्हणाला, "सॉरी, दाजी."

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. एकदा गाडीशी परतल्यावर पुरुषोत्तमनं बूट झटकला तर आतून सुपारीएवढा खडा पडला. संजयनं विचारलं, "दाजी, हा टोचला नाही?" पुरुषोत्तम म्हणाला, "तुझ्यासारखे बाळाचे पाय नाहीत माझे." संजय गप्प बसला. टॉमलिन मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. रोपं कुरतडली जातायत आणि एकही हरीण पडत नाही, हिवाळ्याअखेरपर्यंत हेच चाललं तर जंगल दुसऱ्या कुणाला तरी देईन, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. पुरुषोत्तमच्या पायाखालची जमीनच सरकली. या मूर्खापायी आपलं जंगल जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात घुमायला लागलं.

संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये तिळगूळ वाटत होते. संजयनं पुढे होऊन वाकून नमस्कार केला आणि हातावर लाडू ठेवला. पुरुषोत्तमनं तो लाडू टेबलावर ठेवून दिला.

"गोड बोलू म्हणतोस?" तो म्हणाला, हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "बायको टिकवता आली नाही, नोकरी टिकवता आली नाही, आणि आता माझं जंगल घालवतोयस. धड चालताही येत नाही तुला. उद्यापासून माझ्याबरोबर यायचं नाही."

संजयचा चेहरा पांढराफटक पडला. तो कोट उचलून निघून गेला. सुचेता भर हॉलमध्ये नवऱ्याला म्हणाली, "लाज वाटायला पाहिजे तुला." त्यानंतर ती कामापुरतंच बोलायला लागली. पुरुषोत्तमला वाटलं, चला, बरंच झालं, दोन्हीकडे शांतता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो एकटा जंगलात शिरला. रात्री पाऊस पडून गेलेला, पानं मऊ, त्यामुळे आवाज व्हायचं काही कारणच नाही. हेझलच्या झाडांपलीकडे दोन हरणी चरत होत्या. आता कोण मध्ये येतंय बघू, असं मनाशी म्हणत त्यानं पाऊल टाकलं.

काडकन आवाज झाला.

तो झर्रकन मागे वळला. मागे कुणी नव्हतं. दोन्ही हरणी गेल्या. त्यानं खाली बघितलं तर मनगटाएवढी वाळकी फांदी त्याच्याच पायाखाली दुभंगलेली. भार टाकण्याआधी त्यानं चाचपलं होतं, नेहमीसारखंच. पायानं काही नाही म्हणून सांगितलं होतं.

मग त्यानं सगळ्यांना शिव्या घातल्या. बूट बनवणाऱ्यांना, थंडीला, टॉमलिनला, कोण जाणे कुणाकुणाला. ओंडक्यावर बसून त्यानं बूट ओढून काढला, आणि त्याच्यासोबत मोजाही निघून आला. मोजा रक्तानं भिजलेला. ब्लॅकथॉर्नच्या झुडपाचा बोटाच्या पेराएवढा काटा त्या पातळ तळातून सरळ आत घुसला होता आणि तळव्यात रुतून मोडला होता. जखमेच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. म्हणजे आजची नव्हेच ती. तो तिच्याकडे बघत राहिला. दुखत नव्हतं, अजिबात दुखत नव्हतं, आणि त्यामुळेच तो घाबरला. मोजा खिशात कोंबून त्यानं बूट तसाच चढवला आणि रायफल घेऊन तो गाडीकडे निघाला.

घरी आल्यावर सवयीनं त्यानं दारातच बूट काढले आणि रायफल कपाटात ठेवायला स्वयंपाकघरातून आत गेला. सुचेता भाजी चिरत होती. तिनं जमिनीकडे बघितलं. दारापासून कपाटापर्यंत एकाच पायाचे लाल ठसे उमटले होते.

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, जखम धुतली, पट्टी बांधली. हात सफाईनं चालत होते. मग म्हणाली, "कोट घाल. हॉस्पिटलला जायचं."

"एका काट्यासाठी? काहीतरीच."

"काट्यासाठी नाही. पुरू, तुझे पाय गेलेत. सेन्सेशन गेलंय. संजयला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"डहाळ्या तूच मोडत होतास. पहिल्या दिवसापासून. तुझ्या मागे चालायचा ना तो, त्याला दिसायचं. संक्रांतीनंतर माझ्याकडे येऊन रडला. म्हणाला, दाजींना कसं सांगू. मी त्याला म्हटलं, मी सांगते. आणि मग मीही नाही सांगितलं, कारण मला तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती."

पुरुषोत्तमच्या डोक्यात तिडीक उठली. भावाची बाजू घेतेय, दोघं मिळून कट करतायत, आणि आता जंगल कायमचं बंद करायला निघालेत. "खोटारडा आहे तो," तो म्हणाला. "आण तुझं ते काय असतं ते. तपास. आत्ता तपास, म्हणजे कळेल कोण खोटं बोलतंय."

वर्षानुवर्षं नाही म्हणणाऱ्या माणसानं आपणहून दुसरा, चांगला पाय पुढे केला. सुचेतानं कामाच्या पिशवीतून पेनासारखी एक काडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा केसाएवढा तंतू होता. असले हजारो पाय तिनं तपासले होते. "डोळे मीट," ती म्हणाली. "तंतू लागला की हो म्हण."

पुरुषोत्तमनं डोळे मिटले.

"हो," तो म्हणाला. "अंगठ्याला."

सुचेता काही बोलली नाही.

"हो. टाचेला. हो, आता मधल्या बोटाला. सांगितलं ना तुला, ठणठणीत आहे."

तरीही ती बोलली नाही, म्हणून त्यानं डोळे उघडले. सुचेता समोर बसली होती, काडी मांडीवर आणि दोन्ही हात तिच्यावर. तिनं अजून सुरुवातच केली नव्हती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. मग त्यानं पुन्हा डोळे मिटले.

"आता लाव," तो म्हणाला. "खरंच लाव."

तो वाट बघत राहिला. बाहेर शेजाऱ्याच्या गाडीचं दार वाजलं. फोडणीसाठी ठेवलेलं तेल तापून वास यायला लागला होता. त्यानं सगळं लक्ष पायावर एकवटलं, जंगलात एकवटायचा तसं.

"लावलास का?" शेवटी त्यानं विचारलं.

"कधीचाच," सुचेता म्हणाली.